सेव्ह केलेलं होतं सगळं

परतीचा पाऊस लांबलेला होता. दिवाळीच्या सुट्टीतला रविवार, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची शाळा. सातवी ते नववीची ३६ मुलं, वीसपैकी चालू असलेले १२ संगणक, चार मदतनीस. ब्राउझरमध्ये चालणारा एक खेळ सगळ्यांनी मिळून दिवसभरात तयार करायचा होता. बारा गट, बारा खोल्या. एका खोलीचं दार पुढच्या गटाच्या खोलीत उघडणार, आणि साडेचार वाजता पालक येतील तेव्हा प्रोजेक्टरवर पहिल्या खोलीतून आत शिरलेला नायक बाराव्या खोलीतून बाहेर पडणार.

दुपारी ३ वाजून ४७ मिनिटांनी ते सगळं गेलं. चार मदतनिसांपैकी मी एक. मुलं, शिपाई मामा आणि नंतर लॅब सांभाळणारे सर यांच्याशी बोलून हा क्रम जुळवला आहे. शाळेचं नाव देत नाही. अशी लॅब बऱ्याच शाळांत असते, आणि अशी कार्यशाळा घ्यायची इच्छा असलेली माणसंही बऱ्याच गावांत असतात. हे त्यांच्यासाठी लिहितो आहे.

सकाळी ७:४० (आठ तास सात मिनिटं आधी)

लॅबची किल्ली शिपाई मामांकडे. लॅब सांभाळणारे सर दिवाळीला आपल्या गावी गेलेले. त्यांनी मामांजवळ एक चिठ्ठी ठेवली होती. तीत दोन ओळी: पासवर्ड, आणि मेन स्विच कुठला ते. यापलीकडे त्या खोलीबद्दल जे काही माहीत होतं ते सरांच्या डोक्यात होतं, आणि सर दीडशे किलोमीटरवर होते.

निम्म्या संगणकांवर विंडोज ७ होतं. त्यावर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती चालते. २०२३च्या सुरुवातीला गूगलने विंडोज ७ साठी नवं क्रोम देणं थांबवलं. आम्हाला तेवढं पुरेसं होतं. ब्राउझरमधला खेळ निवडण्याचं कारणच ते: काही इन्स्टॉल करावं लागत नाही, जुना संगणक चालतो, आणि दुसऱ्याने केलेल्या खेळाच्या पोटात काय आहे ते मुलाला उघडून बघता येतं.

८:१५ (सात तास बत्तीस मिनिटं आधी)

राउटरवर लाल दिवा. फायबर कुठेतरी तुटली होती. रस्ता खणलेला असला की हे होतंच, आणि रविवारी जोडायला कोण येणार? मूळ योजना अशी होती की बाराही गट एकाच ऑनलाइन प्रकल्पात एका वेळी लिहितील. ती योजना तिथेच बाद झाली. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बारा संगणक चढवून पाहिले, चार-पाचांच्या पुढे काही उघडेना.

इंटरनेट जाणं हे संकट नव्हतं, हे मला ठासून सांगायचं आहे. परक्या सर्व्हरवर ठेवलेलं मुलांचं काम किती टिकतं, ते आपण पाहिलेलं आहे. मोझिलाचं थिंबल मुलांना वेबपानं शिकवण्यासाठी जगभर वापरलं गेलं. ते २०१९ मध्ये बंद झालं तेव्हा मुलांचे प्रकल्प ग्लिच या दुसऱ्या संकेतस्थळावर हलवले गेले. त्या ग्लिचने ८ जुलै २०२५ पासून प्रकल्प चालवणं थांबवलं. फ्लॅशमध्ये केलेल्या हजारो खेळांचं काय झालं ते तर सगळ्यांना ठाऊक आहे: १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेयरने ते दाखवणंच नाकारलं. म्हणून आमच्यातल्या एका ताईने आधीच तयारी ठेवली होती. तिच्या पेनड्राइव्हवर एकच फाइल होती, इंडेक्स डॉट एचटीएमएल. आत एक कॅनव्हास, हलणारा एक चौकोन आणि रिकामी खोली. नोटपॅडमध्ये लिहायचं, ब्राउझरमध्ये उघडायचं, बस्स. बाहेरची एकही गोष्ट मागवायची नाही.

मुलांना वाट पाहावी लागलीच नाही. इंटरनेट नाही म्हणताच प्रत्येक पडद्यावर क्रोमचा डायनासोर उभा राहिला आणि स्पेस बार वाजू लागले. ताईने तिथूनच सुरुवात केली. हाही ब्राउझरमधला खेळच, २०१४ मध्ये मुद्दाम याच वेळेसाठी केलेला, जोडणी नसताना खेळण्यासाठी. आता बघा, तो उडी कशी मारतो.

९:३० (सहा तास सतरा मिनिटं आधी)

पेनड्राइव्ह बारा संगणकांवर फिरला. फाइल डेस्कटॉपवर ठेवायची आणि तिथेच सेव्ह करत राहायचं, असं सांगितलं. सातवी-नववीच्या मुलांना हे सांगणं योग्यच होतं. डेस्कटॉप समोर दिसतो, फाइल हरवत नाही.

खोली म्हणजे पंधरा ओळी, प्रत्येक ओळीत वीस अक्षरं. एका अक्षराचा पडद्यावर ३२ पिक्सेलचा चौकोन होतो, म्हणजे खोली ६४० बाय ४८०. ‘भ’ म्हणजे भिंत, ‘क’ म्हणजे काटे, ‘द’ म्हणजे दार, टिंब म्हणजे मोकळी जागा. मुलांनी आधी चौकटीच्या वहीत खोल्या काढल्या आणि मग टंकल्या. एका गटाची भिंत एका ओळीत बरोबर एक घर सरकलेली दिसत होती. बराच वेळ शोधल्यावर सापडलं: त्यांनी ‘द’ऐवजी ‘दा’ लिहिलं होतं, आणि संगणक काना हे वेगळं अक्षर म्हणून मोजतो. सातवीतल्या एका मुलाने मग वेलांटी, उकार, अनुस्वार सगळं एकेक करून मोजून पाहिलं. युनिकोड म्हणजे काय ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला ते पंधरा मिनिटांत कळलं.

आणखी एक अडचण आली ती गणिताच्या वहीमुळे. आलेखात वाय वर वाढतो, कॅनव्हासवर तो खाली वाढतो. नायकाला वर उडवायला वाय कमी करावा लागतो. हे पहिल्यांदा ऐकून वर्गात दोन तट पडले. एक तट म्हणे पुस्तक चुकलंय. दोघांनाही आपापल्या जागी बरोबर ठरवायला खडू घ्यावा लागला.

१०:२० (पाच तास सत्तावीस मिनिटं आधी)

या दिवसातली सगळ्यात महत्त्वाची घटना हीच.

सात नंबरचा संगणक अडकला. माउस हलेना, कळा चालेनात. बटण दाबून तो बंद केला, पुन्हा सुरू केला. डेस्कटॉपवर फाइल नव्हती. त्या संगणकावर बसलेली आठवीतली मुलगी म्हणाली, “दादा, मी सेव्ह केलं होतं. कंट्रोल-एस. तीनदा.”

आमच्यातल्या मदतनीस दादाने शोधलं. डॉक्युमेंट्समध्ये पाहिलं, डाउनलोड्समध्ये पाहिलं, कचऱ्याच्या डब्यात पाहिलं. फाइलचं नाव टाकून शोध घेतला. कुठेच नाही. मग तो समजुतीने म्हणाला, “होतं असं. घाईत राहून जातं. आपण पुन्हा करू.” आवाज चढवला नाही, कुणी हसलं नाही. मुलगी म्हणाली, “पण मी केलं होतं.” आणि पुन्हा लिहायला बसली.

तिने केलेलं होतं. नीट सेव्ह झालेली फाइल नुसत्या रीस्टार्टने जात नाही. गेली असेल, तर एकतर मुलगी चुकीचं सांगते आहे किंवा संगणकात काहीतरी विशेष आहे. दुसरी शक्यता तपासायला दोन मिनिटं लागली असती: एक कोरी फाइल सेव्ह करायची, संगणक पुन्हा सुरू करायचा आणि बघायचं. पण ३५ मुलं आणखी काही विचारत होती, आणि तेरा वर्षांच्या मुलीने सेव्ह करायला विसरणं हे कुणालाही पटण्यासारखं कारण होतं. त्या दिवशी सगळं वाचवण्याइतकी माहिती त्या लॅबमध्ये एकाच व्यक्तीने स्पष्ट शब्दांत सांगितली होती, आणि ती व्यक्ती म्हणजे ती मुलगी.

तिच्या शेजारच्या मुलाने त्याच वेळी घड्याळाजवळचं एक छोटं चिन्ह दाखवून विचारलं, “हे काय असतं?” अँटिव्हायरस असेल, असं उत्तर मिळालं.

११:१० (चार तास सदतीस मिनिटं आधी)

गुरुत्वाकर्षणाचा तास, आणि दिवसातला सगळ्यात सुंदर. प्रत्येक फ्रेमला नायकाच्या खाली जाण्याच्या वेगात ०.५ मिळवायचे. सेकंदाला साधारण साठ फ्रेम होतात. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. तो झालेला एक मुलगा उठून म्हणाला, “ताई, हे त्वरण आहे.” आणि त्याने ०.५ खोडून ९.८ घातले.

नायक जमिनीतून आरपार खाली गेला.

असं का झालं, यावर अर्धा तास गेला आणि तो अर्धा तास सार्थकी लागला. वेग इतका वाढतो की एका फ्रेममध्ये नायक जमिनीच्या वर असतो आणि पुढच्या फ्रेममध्ये तिच्या खाली. मधल्या क्षणी कुणी बघतच नाही, म्हणून जमिनीला तो लागत नाही. मग त्याच मुलाने विचारलं की पुस्तकातले ९.८ चुकीचे का? पुस्तकात मीटर आणि सेकंद, इथे पिक्सेल आणि फ्रेम. खोलीतला एक चौकोन म्हणजे किती मीटर धरायचा, हे तर आपणच ठरवायचं असतं! त्यांनी चौकोन अर्ध्या मीटरचा धरला आणि वहीत गणित मांडलं. एककं बदलण्याचा हा पाठ मी एवढ्या आवडीने कधी कुणाला सोडवताना पाहिलेला नाही.

पाच नंबरच्या गटाने खो-खोचं मैदान केलं होतं. बसलेल्या खेळाडूंना हात लागला की नायकाची दिशा उलटायची. तिथला नियम त्यांनी स्वतः शोधला होता, आम्ही दिलेल्या फाइलमध्ये तसलं काही नव्हतं.

१२:१५ (तीन तास बत्तीस मिनिटं आधी)

खोल्या दुपारी शेवटी एकत्र करायच्या, तर तोवर एकदा सगळ्यांच्या प्रती पेनड्राइव्हवर घेऊन ठेवू, असं ताई म्हणाली. चौथ्या संगणकावर पेनड्राइव्ह लावला आणि त्यावरचे सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसले. शाळांच्या लॅबमध्ये काम केलेल्या कुणालाही हा व्हायरस ओळखीचा आहे. मूळ फाइली लपतात आणि त्यांच्या जागी शॉर्टकट दिसतात, ते उघडले की व्हायरस पुढच्या यंत्रावर जातो. हा डी ड्राइव्हवर मुक्काम करून होता. आधी कुणीतरी तिथे सिनेमे आणि गाणी ठेवली होती.

दोन निर्णय झाले. पेनड्राइव्ह आता फिरवायचा नाही. शेवटी एक कोरा पेनड्राइव्ह आणून एकदाच फिरवू. आणि मुलांनी डी ड्राइव्ह उघडायचा नाही. दोन्ही निर्णय जबाबदार माणसांनी विचार करून घेतलेले होते. त्या बारा संगणकांवर लिहिलेलं टिकेल अशी एकच जागा होती, आणि ती डी ड्राइव्ह होती.

फक्त अकरा नंबरच्या गटाने सकाळीच आपली फाइल डीवर ठेवली होती. त्यांच्या डेस्कटॉपवर गर्दी होती म्हणून. सूचना ऐकून त्यांनी विचारलं, आता हलवायची का? मामा नेमके जेवायला बोलवायला आले आणि ते तसंच राहिलं.

१:०० (दोन तास सत्तेचाळीस मिनिटं आधी)

मसालेभात, मठ्ठा. निम्मी मुलं हात न धुता परत लॅबमध्ये.

२:१० (एक तास सदतीस मिनिटं आधी)

दिवे लुकलुकले, पंखे थांबले. यूपीएस ओरडला, पण एकही पडदा विझला नाही. मिनिटभरात वीज परत आली. “यूपीएस चांगला आहे,” असं आम्ही एकमेकांना सांगितलं. बॅटऱ्या किती जुन्या आहेत हे मामांनाही ठाऊक नव्हतं. मिनिटभर टिकलेला यूपीएस दहा मिनिटं टिकेल, याला काही आधार नसतो. बारा संगणक आणि बारा जुने जाड मॉनिटर यांचा भार त्यावर होता.

बाहेर आभाळ पश्चिमेकडून काळं होत होतं.

३:०५ (बेचाळीस मिनिटं आधी)

कोरा पेनड्राइव्ह आला. शाळेसमोरच्या झेरॉक्सवाल्याने सुट्टीत दुकान उघडून दिला. प्रती घ्यायची वेळ चारची ठरली होती. आत्ताच घेऊ या का, असा विचार झाला. मुलांनी गलका केला. दोन नंबरला आवाज घालायचा होता. क्रोम २०१८ पासून वापरणारा काही दाबेपर्यंत आवाज वाजू देत नाही, हे त्यांना नुकतंच उमगलं होतं आणि त्यांनी दारावर ‘घंटा वाजवा’ अशी पाटी लावून त्यावर तोडगा काढला होता. नऊ नंबरचे काटे वर-खाली हलू लागले होते. सात नंबरच्या मुलीने सकाळी गेलेली खोली पुन्हा लिहून आधीपेक्षा चांगली केली होती: दार दिसायचंच नाही, किल्ली घेतल्यावर उमटायचं. चारलाच घेऊ, असं ठरलं.

त्या पाऊण तासात मुलं एकमेकांच्या संगणकांवर जाऊन एकमेकांचं लिहिलेलं वाचत होती, एकमेकांचे नियम मागून आणत होती. ‘मिळून’ हा शब्द आम्ही कार्यशाळेच्या पत्रकात लिहिला होता. तो दुपारी तीनला खरा झाला.

३:४१ (सहा मिनिटं आधी)

वीज कडाडली, मागोमाग लाइट गेले. यूपीएसचा आवाज सुरू झाला. दादाने मोठ्याने सांगितलं, “सगळ्यांनी सेव्ह करा!” बारा ठिकाणी बारा जणांनी कंट्रोल-एस दाबलं. एका मुलाने उठून प्रत्येक गटाकडे जाऊन विचारलं, “केलं?” सगळे म्हणाले, केलं. नव्या पेनड्राइव्हवर प्रती घ्यायला ताई एक नंबरपाशी बसली. एक नंबरची प्रत मिळाली.

३:४७

दुसऱ्या संगणकाला पेनड्राइव्ह लावलेला असताना यूपीएस बंद पडला. सगळे पडदे एकदम गेले. मुलं घाबरली नाहीत. सेव्ह केलेलं होतं सगळं.

३:५८

वीज आली. संगणक एकेक करून सुरू झाले. हिरव्या डोंगराचा तोच वॉलपेपर, शाळेचे तेच चार आयकॉन. पहिल्या दोन गटांना वाटलं आपल्याच संगणकाला काही झालं. मग तिसरा गट बोलला, मग पाचवा, आणि मग पूर्ण लॅब गप्प झाली. सात नंबरची मुलगी काही म्हणाली नाही. सकाळी काय झालं होतं ते आता सगळ्यांना कळलं होतं.

उरलं ते इतकं: एक नंबरची पेनड्राइव्हवर आलेली खोली, आणि अकरा नंबरची डी ड्राइव्हवर राहून गेलेली. ज्या पाच गटांनी वहीत खोली पूर्ण काढली होती त्यांनी ती पंचवीस मिनिटांत पुन्हा टंकली. भिंती आल्या, पण हलणारे काटे, घंटा, खो देणारे खेळाडू आले नाहीत. साडेचारला पालकांसमोर बारापैकी सात खोल्या चालल्या, आणि त्यातल्या पाच नुसत्या भिंतींच्या. पाच गटांनी फळ्यावर चित्र काढून आपला खेळ तोंडी सांगितला. पालकांनी टाळ्या वाजवल्या. दोन मुलं बाहेर व्हरांड्यात जाऊन रडली.

सोमवारी सकाळी

लॅब सांभाळणाऱ्या सरांनी फोनवर एका वाक्यात उलगडा केला. प्रत्येक संगणकाची सी ड्राइव्ह गोठवलेली आहे. संगणक बंद होऊन सुरू झाला की तो पहिल्यासारखा होतो, म्हणून मुलांना काम डीवर ठेवायला सांगतात. घड्याळाजवळचं चिन्ह त्याच प्रोग्रामचं. दिवसभराचं सगळं लिखाण डिस्कच्या एका तात्पुरत्या भागात जातं आणि रीस्टार्टला तो भाग टाकून दिला जातो. फाइल पुसलेलीही नसते की रीसायकल बिनमध्ये सापडावी. डेस्कटॉपही सी ड्राइव्हवरच असतो.

सरांना मी दोष देणार नाही. शेकडो मुलं ज्या खोलीत येतात, जिथे पेनड्राइव्हवरून रोज काहीतरी शिरतं, तिथे संगणक चालू ठेवायचा याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय नाही. त्यांच्यामुळेच बारा तरी संगणक चालू होते. चिठ्ठीत तिसरी ओळ नव्हती, एवढंच.

म्हणून ब्राउझरमधले खेळ शिकवायला जाणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. मुलं यायच्या आधी एका संगणकावर एक फाइल सेव्ह करा, संगणक बंद करा, सुरू करा आणि फाइल आहे का बघा. लॅब सांभाळणाऱ्या माणसाशी आदल्या दिवशी स्वतः बोला, निरोपावर राहू नका. दर तासाला प्रत्येक गटाची प्रत बाहेर काढा, चांगलं काम चालू असलं तरी थांबवून काढा. खोली, नियम, आकडे वहीतही लिहून घ्या. आणि एखादी मुलगी म्हणाली की मी सेव्ह केलं होतं, तर आधी संगणक तपासा.